माउंटन बाइकचा फोर्क 'सेट' करायचा म्हणजे नेमकं काय करायचं? सॅग, प्रीलोड, रिबाउंड… सगळं सोप्या भाषेत

सायकलच्या दुकानात माउंटन बाइक बघायला गेलेलं गिऱ्हाईक एक गोष्ट हमखास करतं. दोन्ही हातांनी हँडल धरायचं, जोरात खाली दाबायचं आणि पुढचा भाग खाली-वर झाला की मान हलवायची. सस्पेन्शन आहे, चला, विषय संपला.

सायकल घरी येते. सीटची उंची आपल्या पायांप्रमाणे करून घेतली जाते, हँडल सरळ केलं जातं, बाटलीचा स्टँड लागतो. पण पुढच्या फोर्कवर ज्या दोन-तीन चक्र्या असतात, त्या दुकानातून आल्या तशाच राहतात. काहींना तर त्या फिरतात हेच माहीत नसतं.

मग काही महिन्यांनी तक्रारी सुरू होतात. खडीच्या रस्त्यावर तळहाताला मुंग्या येतात. उतारावर पुढचं चाक उड्या मारतं. ब्रेक दाबला की सायकल नाक खाली करते आणि आपण हँडलवरून पुढे जाऊन पडणार असं वाटतं. शेवटी 'फोर्क बेकार आहे' असा निष्कर्ष निघतो आणि नव्या फोर्कच्या किमती शोधल्या जातात.

खरं तर बऱ्याचदा फोर्कमध्ये दोष नसतो. तो चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावलेलाच नसतो. ५० किलोच्या आणि ९० किलोच्या माणसाला एकच सेटिंग चालेल, असं होऊच शकत नाही. हे सेटिंग घरच्या घरी, एका पट्टीच्या आणि एका मित्राच्या मदतीने करता येतं. फक्त कोणती चक्री कशासाठी आहे आणि आधी कशाला हात लावायचा, हे माहीत हवं.

आधी थोडा इतिहास

माउंटन बाइकचा जन्म अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा. १९७० च्या दशकात तिथल्या मरीन काउंटीत काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून सुसाट खाली यायचे. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. त्या उताराचं नाव पडलं 'रिपॅक'. कारण खाली येईपर्यंत मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं.

या सायकलींना सस्पेन्शन नव्हतं. धक्के झेलायचं काम चालवणाऱ्याच्या कोपरांनी आणि गुडघ्यांनीच करायचं.

मोटरसायकलींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांनी हे चित्र बदललं. १९८९ मध्ये त्यांच्या रॉकशॉक्स कंपनीने 'आरएस-१' हा फोर्क आणला. हवा आणि तेल या जोडीवर चालणारा हा फोर्क जेमतेम ५ सेंटिमीटर दबायचा. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, अमेरिकेतल्या ड्युरँगो इथे माउंटन बाइकची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. त्यात डाउनहिल प्रकार जिंकणाऱ्या ग्रेग हरबोल्ड यांच्या सायकलला रॉकशॉक्सचा फोर्क होता. त्यानंतर काही वर्षांतच पुढचं सस्पेन्शन ही माउंटन बाइकची ओळख होऊन बसली.

फोर्कच्या आत असतं काय?

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा. सस्पेन्शन फोर्कमध्ये या चिमट्याच्या दोन्ही पायांचे दोन-दोन भाग असतात. वरच्या गुळगुळीत, चकचकीत नळ्यांना स्टँशन म्हणतात. त्या खालच्या जाड नळ्यांमध्ये वर-खाली सरकतात. फोर्क जास्तीत जास्त जितका दबू शकतो, ते अंतर म्हणजे 'ट्रॅव्हल'. क्रॉस कंट्री सायकलींमध्ये ते साधारण १०० ते १२० मिलिमीटर असतं, ट्रेल सायकलींमध्ये १२० ते १५० च्या आसपास आणि डाउनहिलच्या सायकलींमध्ये २०० मिलिमीटरपर्यंत.

आत दोन वेगवेगळी कामं चालतात.

पहिलं काम स्प्रिंगचं. चाक दगडावर आदळलं की ती दबते आणि नंतर चाकाला परत खाली ढकलते. ही स्प्रिंग लोखंडी असेल किंवा बंद नळीत कोंडलेल्या हवेची असेल.

दुसरं काम डॅम्परचं. ऑफिसच्या दारावर बसवलेला डोअर क्लोजर आठवा. त्यात नुसती स्प्रिंग असती, तर दार दर वेळी धाडकन आपटलं असतं. आतलं तेल बारीक छिद्रातून जात असल्यामुळे दार सावकाश बंद होतं. फोर्कचा डॅम्पर हेच करतो. स्प्रिंग किती वेगाने दबावी आणि किती वेगाने परत यावी, हे तो ठरवतो.

हवेवर चालणाऱ्या बहुतेक फोर्कमध्ये सायकलवर बसल्यावर डाव्या हाताच्या पायात स्प्रिंग असते आणि उजव्या पायात डॅम्पर. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या चक्र्या वेगळी कामं करतात.

तुमचा फोर्क कोणत्या प्रकारचा आहे?

चक्री फिरवण्याआधी हे ओळखणं गरजेचं आहे, कारण प्रत्येक फोर्कवर प्रत्येक सेटिंग नसतं.

१. साधा स्प्रिंगचा फोर्क: डाव्या पायाच्या डोक्यावर प्लॅस्टिकची चक्री, त्यावर अधिक-उणेची खूण. ही प्रीलोडची चक्री. उजवीकडे काहीच नसतं, किंवा लॉकआउटचा खटका असतो. कमी किमतीच्या बहुतेक सायकलींना हा फोर्क येतो. यातल्या अगदी स्वस्त फोर्कमध्ये तेलाचा डॅम्पर नसतोच, फक्त स्प्रिंग असते.

२. स्प्रिंग आणि तेलाच्या डॅम्परचा फोर्क: वरचं सगळं असतं, शिवाय उजव्या पायाच्या तळाशी रिबाउंडची छोटी चक्री असू शकते.

३. हवेचा फोर्क: डाव्या पायाच्या डोक्यावर एक टोपण असतं. ते काढलं की मोटरसायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह दिसतो. उजव्या पायाच्या वर लॉकआउट किंवा कम्प्रेशन, तळाशी रिबाउंड.

आता सेटिंगचा क्रम. आधी टायरची हवा, मग सॅग, मग रिबाउंड आणि सगळ्यात शेवटी कम्प्रेशन. हा क्रम मोडला तर एक दुरुस्त करताना दुसरं बिघडतं.

पायरी शून्य: टायर

धक्का आधी टायरला बसतो आणि मग फोर्कपर्यंत पोहोचतो. माउंटन बाइकच्या रुंद टायरमध्ये दगडासारखी टणक हवा भरली, तर फोर्क कितीही चांगला असला तरी हातांना हादरे बसणारच. टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचे आकडे छापलेले असतात. मातीच्या वाटेवर त्या मर्यादेच्या खालच्या बाजूला राहावं, डांबरावर थोडं वर. प्रयोग सुरू करण्यापूर्वी हा आकडा ठरवून टाका आणि नंतर तोच कायम ठेवा.

पायरी एक: सॅग

सगळ्या सेटिंगचा पाया म्हणजे सॅग. तुम्ही सायकलवर नुसते उभे राहिलात, काही धक्का नाही, तरी तुमच्या वजनाने फोर्क थोडा बसतो. हे बसणं म्हणजे सॅग.

आता कुणी म्हणेल, धक्का नसतानाच फोर्क कशाला बसायला हवा? कारण रस्त्यावर फक्त उंचवटे नसतात, खड्डेही असतात. चाक खड्ड्यावरून जाताना फोर्क लांब होऊन चाकाला खाली नेतो, तेव्हाच टायर जमिनीला चिकटून राहतो. फोर्क आधीच पूर्ण लांब असेल, तर खाली जायला जागाच उरत नाही. चाक हवेत राहतं. आणि हवेत असलेलं चाक वळतही नाही, थांबतही नाही.

सॅग किती हवा? क्रॉस कंट्रीसाठी ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के. ट्रेल रायडिंगसाठी २० ते २५ टक्के. डाउनहिलसारख्या दांडग्या उतारांसाठी थोडा अधिक. म्हणजे १०० मिलिमीटरच्या फोर्कमध्ये साधारण २० मिलिमीटर, १२० च्या फोर्कमध्ये २४ मिलिमीटर. शंका असेल तर २० टक्क्यांपासून सुरुवात करा.

मोजायचं कसं?

- लॉकआउट किंवा कम्प्रेशनची चक्री पूर्ण मोकळी करा.
- नेहमी जे घालून जाता ते सगळं घाला. हेल्मेट, बूट, पाण्याची बाटली, पाठीवरची बॅग. दोन-तीन किलोंनी फरक पडतो.
- स्टँशनवर रबराची बारीक रिंग असते, ती खाली सरकवून सीलला टेकवा. रिंग नसेल तर एक केबल टाय स्टँशनभोवती हलकेच बांधा. नळीवर चरा पडणार नाही इतका सैल, आपोआप घसरणार नाही इतका घट्ट.
- मित्राला सायकल धरायला सांगा किंवा भिंतीचा आधार घ्या. दोन्ही पेडलवर उभे राहा, गुडघे आणि कोपर किंचित वाकवा. उतारावर असता तशी पोझिशन.
- एक-दोनदा हलकेच दबून स्थिर व्हा. मग रिंग पुन्हा सीलला टेकवायला सांगा.
- ब्रेक न दाबता, उडी न मारता, सावकाश उतरा.
- सील आणि रिंग यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा. हा तुमचा सॅग. केबल टाय बांधला असेल, तर सगळी मोजमापं संपल्यावर तो काढून टाका.

हवेचा फोर्क असेल तर

यासाठी शॉक पंप लागतो. साधा हातपंप किंवा पेट्रोल पंपावरची हवा वापरू नका. फोर्कमधल्या हवेची जागा अगदी थोडी असते, त्यामुळे मोठ्या पंपाच्या एका दाबातच आकडा कुठल्या कुठे जातो. शॉक पंप एका वेळी थोडीच हवा टाकतो आणि त्याच्यावर अचूक मीटर असतो.

बऱ्याच फोर्कच्या पायावर मागच्या बाजूला वजन आणि हवेच्या दाबाचा तक्ता चिकटवलेला असतो. तिथून सुरुवात करा. तो अंतिम आकडा नाही, फक्त आरंभ आहे. आणि फोर्कवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नका.

समजा, १२० मिलिमीटरचा फोर्क आहे आणि तुम्ही ७५ पीएसआयवर सुरुवात केली. सॅग मोजला तर ३२ मिलिमीटर, म्हणजे जवळपास २७ टक्के. फोर्क जास्त बसतोय. ५ पीएसआय वाढवा. पुन्हा मोजा, समजा २८ आला. आणखी ५ वाढवा. २४ आला, म्हणजे २० टक्के. झालं. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, पद्धत मात्र हीच. एका वेळी ५ पीएसआयपेक्षा जास्त बदल नको.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, हवा भरल्यावर फोर्क दहाएक वेळा पूर्ण खाली-वर दाबा. आत मुख्य कप्प्याच्या उलट बाजूला हवेचा आणखी एक छोटा कप्पा असतो. दोन्हीकडची हवा जुळली की मगच सॅग मोजायचा.

दुसरी, पंप काढताना 'फुस्स' आवाज येतो आणि लोक घाबरतात. ती हवा पंपाच्या पाइपमधली असते, फोर्कमधली नव्हे. पंप पुन्हा लावला की मीटर कमी आकडा दाखवतो, कारण तेव्हा फोर्कमधली थोडी हवा रिकाम्या पाइपमध्ये शिरते. म्हणून नुसतं बघण्यासाठी वारंवार पंप लावू नये.

स्प्रिंगचा फोर्क असेल तर

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे. प्रीलोडची चक्री अधिककडे फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही.

प्रीलोड म्हणजे स्प्रिंगला आधीच थोडं दाबून ठेवणं. त्यामुळे फोर्क सुरुवातीला कमी बसतो आणि सायकलचा पुढचा भाग किंचित उंच राहतो. पण एकदा स्प्रिंग दबायला लागली की पुढचा प्रत्येक सेंटिमीटर दाबायला आधी जितका जोर लागत होता तितकाच वाढीव जोर लागतो. स्प्रिंगचा स्वभाव बदलत नाही, फक्त सुरुवातीची जागा बदलते.

म्हणून चक्री पूर्ण उणेकडे फिरवून सॅग मोजा. जास्त असेल तर दोन-दोन वळसे अधिककडे नेत मोजत राहा. चक्री शेवटपर्यंत नेऊनही सॅग ३० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर तुमच्या वजनाला ती स्प्रिंग नरम आहे. उलट चक्री पूर्ण मोकळी असूनही सॅग १० टक्क्यांच्या आत असेल, तर स्प्रिंग तुम्हाला कडक आहे. वजनाने हलक्या असलेल्यांच्या आणि किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हे खूपदा होतं. मोठ्या माणसासाठी बनवलेला फोर्क त्यांच्या वजनाने हलतच नाही आणि सस्पेन्शनचं वजन मात्र फुकट वाहावं लागतं.

दोन्ही वेळी उपाय एकच, वेगळ्या ताकदीची स्प्रिंग. काही मॉडेलसाठी ती मिळते, काहींसाठी नाही. दुकानात फोर्कचं नेमकं मॉडेल सांगून विचारावं.

पायरी दोन: रिबाउंड

सॅग जमला की रिबाउंड. दबलेला फोर्क परत किती वेगाने वर यावा, हे ही चक्री ठरवते. ती बहुधा उजव्या पायाच्या तळाशी, लाल रंगाची असते. काही फोर्कवर तिच्याशेजारी ससा आणि कासव काढलेले असतात. सशाकडे फिरवलं की फोर्क झटकन वर येतो, कासवाकडे फिरवलं की सावकाश. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने म्हणजे साधारणपणे कासव.

फार वेगवान रिबाउंड असेल तर दगडावरून गेल्यावर हँडल हाताला वर फेकतं. चाक जमिनीवरून उडतं.

फार सावकाश असेल तर त्रास वेगळा आणि ओळखायला अवघड. पहिल्या दगडावर फोर्क दबला, पण पूर्ण वर यायच्या आत दुसरा दगड आला. तो आणखी खाली गेला. मग तिसरा. सलग पाच-सहा दगडांनंतर फोर्क अर्धाअधिक दबलेल्या अवस्थेतच अडकतो. चालवणाऱ्याला वाटतं फोर्क कडक आहे, म्हणून तो हवा कमी करतो आणि प्रकरण आणखी बिघडतं.

सेटिंगची सोपी पद्धत अशी.

- चक्री पूर्ण कासवाकडे फिरवा. मग 'टक-टक' असे टप्पे मोजत उलट दिशेने पूर्ण सशाकडे न्या. एकूण टप्पे कळतील.
- बरोबर मध्यावर आणा.
- सायकल शेजारी उभी करून हँडलवर पूर्ण भार देऊन फोर्क दाबा आणि झटकन सोडा.
- पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं तर एक टप्पा कासवाकडे. फोर्क रेंगाळत वर आला तर एक टप्पा सशाकडे.
- फोर्क चटकन वर यावा, पण चाक जमीन सोडू नये. तिथे थांबा आणि टप्प्यांचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

लक्षात घ्या, हवा वाढवली की स्प्रिंगचा परत ढकलण्याचा जोरही वाढतो. म्हणून वजनदार माणसाला रिबाउंड थोडा सावकाश लागतो आणि हलक्या माणसाला थोडा वेगवान. हवेचा आकडा मोठ्या प्रमाणात बदलला, तर रिबाउंड पुन्हा तपासावा.

पायरी तीन: कम्प्रेशन आणि लॉकआउट

फोर्क किती सहज दबावा, हे कम्प्रेशन ठरवतं. ही चक्री उजव्या पायाच्या डोक्यावर, बहुधा निळी असते. महागड्या फोर्कमध्ये 'लो स्पीड' आणि 'हाय स्पीड' अशा दोन वेगळ्या चक्र्या असतात. यातला स्पीड सायकलचा नव्हे, फोर्क दबण्याचा. ब्रेक मारल्यावर किंवा उभं राहून पेडल मारताना फोर्क सावकाश दबतो, ते लो स्पीड. दगडाच्या कडेवर चाक आदळतं तेव्हा तो झटक्यात दबतो, ते हाय स्पीड. सायकल ताशी १० किलोमीटरने चालत असतानाही फोर्कसाठी ते हाय स्पीड असू शकतं.

सुरुवातीला कम्प्रेशन पूर्ण मोकळं ठेवा. ब्रेक मारल्यावर पुढचा भाग फारच खाली जात असेल, तर लो स्पीड एक-एक टप्प्याने वाढवा.

लॉकआउट म्हणजे फोर्क जवळपास बंदच करणारा खटका. सिंहगडासारखा पक्का घाटरस्ता चढताना तो कामाचा, कारण पेडलला लावलेला जोर फोर्क दाबण्यात वाया जात नाही. पण माथ्यावर पोहोचल्यावर तो उघडायला विसरू नका. बंद फोर्क घेऊन खडबडीत उतारावर उतरलात तर पुढच्या चाकाची पकड सुटण्याचा धोका असतोच, शिवाय साध्या फोर्कमधली लॉकआउटची यंत्रणा अशा धक्क्यांनी कायमची निकामी होऊ शकते.

आता वाटेवर तपासा

घरी केलेलं सेटिंग म्हणजे निम्मं काम. पाच-दहा मिनिटांची एकच ओळखीची वाट निवडा, जिच्यात थोडे दगड, एक वळण आणि एक उतार असेल. तीच वाट पुन्हा पुन्हा चालवा. दर वेळी एकच गोष्ट बदला. दोन चक्र्या एकाच वेळी फिरवल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

निघण्याआधी रिंग सीलला टेकवा. परत आल्यावर ती कुठवर सरकली ते पाहा. त्या वाटेवरच्या सगळ्यात मोठ्या धक्क्याला फोर्क जवळपास पूर्ण दबायला हवा. पूर्ण ट्रॅव्हल वापरलं जाणं हा दोष नाही, त्यासाठीच पैसे मोजलेले असतात.

कोणत्या लक्षणावर काय करायचं?

- दगडांच्या वाटेवरही बरंच ट्रॅव्हल शिल्लक राहतं, हाताला हादरे बसतात: हवा ५ पीएसआयने कमी करा किंवा प्रीलोड कमी करा.
- सॅग बरोबर आहे, पण साध्या धक्क्यालाही फोर्क तळाला 'ठक्क' आपटतो: हवेच्या फोर्कमध्ये टोकन नावाचे प्लॅस्टिकचे तुकडे बसवता येतात. त्याने हवेची जागा कमी होते आणि शेवटचा टप्पा कडक होतो.
- सुरुवातीला ठीक, सलग दगडांवर कडक वाटू लागतो: रिबाउंड एक-दोन टप्पे सशाकडे.
- चाक उड्या मारतं, हँडल वर फेकतं: रिबाउंड एक-दोन टप्पे कासवाकडे.
- ब्रेक मारल्यावर नाक खाली जातं: आधी सॅग तपासा, मग लो स्पीड कम्प्रेशन वाढवा.
- वळणावर पुढचं चाक घसरतं: फोर्क फार कडक आहे का ते बघा, टायरची हवाही तपासा.

इथे मात्र सावध

हवेच्या फोर्कचं वरचं मोठं झाकण पान्याने उघडायच्या आधी व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडून द्या. आत दाब असताना झाकण उघडलं तर ते गोळीसारखं उडू शकतं. टोकन बसवण्यासाठी हे झाकण उघडावंच लागतं, म्हणून पहिल्यांदा करताना जाणकार मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. टकटक जाणवली तर सील आणि स्टँशन जिथे मिळतात तिथे बोट ठेवून पुन्हा हलवा. हालचाल तिथे जाणवली तर आतले बुश झिजले आहेत. हँडलच्या खाली जाणवली तर हेडसेट सैल आहे. दोन्ही गोष्टी कोणतीही चक्री फिरवून सुटणार नाहीत.

फोर्कच्या मानेजवळ किंवा चाक बसतं त्या टोकाला तडा दिसला, तर ती सायकल चालवू नका. वेगात असताना फोर्क तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

चिखल, धूळ आणि खारा वारा

फोर्कचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सीलमधून आत शिरणारी घाण. पावसाळ्यात सह्याद्रीतला चिखल, उन्हाळ्यात लाल मातीची धूळ आणि किनारपट्टीवरचा खारा वारा, तिन्ही त्रासदायकच.

प्रत्येक राइडनंतर स्टँशन आणि सील मऊ कापडाने पुसा. गाड्या धुण्याच्या प्रेशर पाइपचा झोत सीलवर मारू नका, पाणी थेट आत जातं. चेनचं तेल किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे सीलवर टाकू नका. त्याने धूळ चिकटते आणि आतलं ग्रीस धुऊन निघू शकतं.

सर्व्हिसिंगचा हिशोब किलोमीटरमध्ये नव्हे तर चालवलेल्या तासांमध्ये होतो. रॉकशॉक्स खालच्या नळ्यांची सर्व्हिस दर ५० तासांनी करायला सांगते. फॉक्स कंपनी १२५ तास किंवा वर्षातून एकदा, यातलं जे आधी येईल ते धरायला सांगते. आपल्याकडच्या पावसात नियमित चालवणाऱ्याने याहून लवकर करायला हरकत नाही. हवेचा दाब महिन्यातून एकदा बघावा, कारण तो हळूहळू कमी होतो.

मग नवा फोर्क कधी घ्यायचा?

हे सगळं करूनही फोर्क जमत नसेल तर. म्हणजे प्रीलोड शेवटपर्यंत नेऊनही सॅग जमत नाही आणि स्प्रिंग मिळत नाही, डॅम्परच नसल्यामुळे चाक उड्या मारतं, किंवा बुश झिजलेत आणि सुटे भाग उपलब्ध नाहीत. अशा वेळी खर्च योग्य ठरतो.

फक्त जास्त ट्रॅव्हलचा मोह टाळा. १०० मिलिमीटरसाठी बनवलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावला तर पुढचा भाग उंच होतो आणि फोर्कचा कोन बदलतो. फोर्कची उंची साधारण २० मिलिमीटरने वाढली की हा कोन जवळपास एका अंशाने बदलतो. चढावर पुढचं चाक भरकटायला लागतं आणि फ्रेमच्या मानेवर नको इतका ताण येतो. फ्रेम बनवणाऱ्या कंपनीने कमाल किती ट्रॅव्हल चालेल ते दिलेलं असतं, ते आधी बघावं. चाकाचा आकार, मानेतल्या नळीचा प्रकार आणि ब्रेक बसवायची जागाही जुळायला हवी.

आणि साधा स्प्रिंगचा फोर्क वाईट, असंही नाही. डांबरी रस्ता, शेताची वाट, अधूनमधून खडी एवढ्यासाठी तो पुरेसा आहे. त्याच्याकडून मोठ्या उड्यांची अपेक्षा मात्र ठेवू नये.

त्यामुळे खरेदीच्या पानावर जाण्याआधी एक पट्टी, एक केबल टाय आणि अर्धा तास काढा. सॅग मोजा, रिबाउंडचे टप्पे मोजा, आकडे लिहून ठेवा. पुढच्या वेळी कुणी तुमची सायकल चालवून चक्र्या फिरवून ठेवल्या, तरी पाच मिनिटांत ती पुन्हा तुमच्या वजनावर आणता येईल.